मास्तरांची हरकत

"क्लच, ताई, क्लच! तो ब्रेक झाला. हाही ब्रेकच. आता उरला तो ॲक्सिलरेटर, तो मात्र... दाबलात. बरं. काही हरकत नाही. भिंत जुनीच आहे."

"मास्तर, दिवा फुटला का हो?"

"दिवा मागंच फुटलाय. एक बँकवाले होते, त्यांनी फोडला. तुमच्या वाट्याला नुसता सांगाडा आला. उतरू नका! गाडी ठोकल्यावर उतरून बघायची सवय लागली की माणूस पुन्हा चढत नाही. आता मागं घ्या. मागं. ताई, मागं म्हणजे आलो तिकडं. हे पुढं झालं. हरकत नाही, भिंत आहेच की धरायला."

ताई म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. चांगल्या दांडग्या माणसाला उलटं पाडून सुई टोचताना जिचा हात हलायचा नाही, ती स्टिअरिंग धरलं की घामानं निथळायची. शहरातल्या नावाजलेल्या ड्रायव्हिंग स्कूलनं तिच्यापुढं हात टेकले होते. तिथल्या मास्तरनं तिला तोंडावर सांगितलं होतं, की बाई, तुम्ही रिक्षानं फिरा, त्यातच जगाचं भलं आहे. अशी सगळीकडून हाकललेली माणसं शेवटी आमच्या मास्तरांच्या दारात यायची. घाबरट, धांदरट, डावं-उजवं न कळणारी, हॉर्न ऐकला की डोळे मिटून घेणारी. मास्तर कुणाला नाही म्हणायचे नाहीत. नाही हा शब्द त्यांच्या तोंडात एकाच जोडीत यायचा, 'हरकत'च्या मागं लागून.

दिसायला मास्तर आखूड आणि गोल. एका पायाची पोटरी पैलवानाची आणि दुसरी कारकुनाची, कारण त्यांच्या बाजूला बसवलेला जादा ब्रेक वर्षानुवर्षं एकाच पायानं दाबला होता. गाडी पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि चारही बाजूंना शिकाऊ लोकांनी उमटवलेल्या खुणा.

तरुणपणी मास्तर पाण्याचा टँकर चालवायचे. टँकर त्यांना सख्ख्या काकांनी शिकवला, आणि काकांची शिकवण्याची पद्धत साधी होती. गिअर चुकला की डोक्यात पाना. मास्तरांच्या टाळूवर अजून एक खळगा आहे. केस कापताना न्हाव्याची कात्री तिथं आली की जरा दमानं चालते. तो पाना खाता खाताच मास्तरांनी ठरवलं, की आपण कुणाला शिकवलं तर आवाज चढवायचा नाही. आवाज चढवला नाही हे चांगलंच झालं. पण उतरवलेला आवाज पुन्हा कधी वर येईचना, हे जरा जास्तच झालं. कुणी रांगेत पुढं घुसलं, हरकत नाही. वाण्यानं नासका साबुदाणा दिला, हरकत नाही. घरमालकानं स्वतःचं लोखंडी कपाट यांच्या जिन्यात आणून उभं केलं, तेव्हापासून अख्खं घर जिना तिरकं होऊन चढतं, तरी हरकत नाही. लोक त्यांना 'हरकत नाही मास्तर' म्हणायला लागले. मास्तरांना विचारलं, की हो, तुम्हाला असं म्हणतात, चालतं का? तर त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

या सगळ्या कारभाराला एक रस्ता लागायचा. तो होता बंद पडलेल्या काच कारखान्याच्या मागं. अरुंद, पण सरळ, आणि पुढं कारखान्याच्या गंजक्या फाटकापाशी संपणारा. एका अंगाला कारखान्याची भिंत, दुसऱ्या अंगाला बाभळी. वर्दळ म्हणाल तर दोन कुत्री, आणि तीही गाडी ओळखून असलेली. टपावरची पाटी दिसली की बिचारी उठून भिंतीवर चढायची. शहरात दुसरीकडं असा रस्ता नव्हता. दुसरीकडं गाडी बंद पडली की मागून हॉर्नचा गदारोळ उठतो, आणि मास्तरांची माणसं हॉर्न ऐकून गाडी तिथंच सोडून पळाली असती. रस्ता होता म्हणून घाबरट लोक शिकत होते, आणि घाबरट लोक होते म्हणून मास्तरांची चूल पेटत होती.

तर एके सकाळी त्या रस्त्याच्या तोंडाशी एक तरुण छत्री उघडून, खुर्ची टाकून बसलेला दिसला. हातात अंगठ्यानं दाबायचं टिकटिक यंत्र. नर्सताई गाडी घेऊन गेल्या, त्यानं टिक केलं. परत आल्या, टिक केलं. मास्तरांना वाटलं, आपल्या शिकवण्याचं कुणीतरी कौतुक करतंय. त्यांनी प्रत्येक फेरीला त्याला हात केला. दुपारी त्याला आपल्या थर्मासातला चहाही पाजला. "उन्हात बसलायस, लेकरा," म्हणाले. लेकरू चहा प्यायलं, आणि ताईंच्या मागून शिकायला आलेल्या म्हाताऱ्या पेन्शनरच्या सगळ्या फेऱ्याही इमानानं टिकटिकत राहिलं.

मग कारखान्याच्या भिंतीवर नोटीस लागली. कारखाना पाडून तिथं 'निवांत' नावाची उंच उंच इमारतींची वसाहत होणार. येण्याजाण्याचा दरवाजा मागच्या रस्त्यावर. खाली नगरपालिकेचं नेहमीचं वाक्य: नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.

मास्तरांनी नोटीस दोनदा वाचली. शेजारी उभा इस्त्रीवाला म्हणाला, "मास्तर, हे तर तुमचंच आडनाव छापलंय की."

रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या आमच्या गल्लीत आग पेटली. आग लावायला मोठ्या बाई होत्याच. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटून वर्षं झाली, पण बाईंची घंटा काही वाजायची थांबली नव्हती. त्यांनी आपल्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. "ट्रक येतील, धूळ येईल, सकाळी एवढ्या गाड्या एकदम निघाल्या तर आपल्याला दारातून पाय टाकता यायचा नाही," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाणी म्हणाला, आपण रस्त्यावर आडवे पडू. इस्त्रीवाला म्हणाला, आधी वाणी पडेल, मग मी पडतो. घरमालक म्हणाला, असल्या बिल्डरांना उभं चिरलं पाहिजे.

"छान," बाई म्हणाल्या. "मग सुनावणीत बोलणार कोण?"

सगळ्यांना एकदम कामं आठवली. वाण्याला त्या दिवशी माल यायचा होता. इस्त्रीवाल्याच्या घशाला काहीतरी झालं होतं, बोलताना दिसत नव्हतं पण झालं होतं. घरमालक म्हणाला, माझा स्वभाव तापट, मी बोललो तर खून पडेल, त्यापेक्षा मास्तर बोलू देत. वाहतुकीतला माणूस आहे.

"मास्तर, चालेल ना?" बाईंनी विचारलं.

"काही हरकत नाही," मास्तर म्हणाले.

हे बायकोच्या कानावर गेलं, तेव्हा ती लसूण सोलत होती. हातातली पाकळी तशीच राहिली.

"कोण हरकत घेणार? तुम्ही?"

"मग काय झालं?"

"काही नाही. जिन्यातल्या कपाटाला विचारून या एकदा."

"अगं, ही गोष्ट वेगळी आहे. रस्ता गेला तर धंदा गेला."

"ते कळतंय मला. पण तुम्हाला बोलता यायला हवं ना! म्हणा बघू माझ्यासमोर. माझी हरकत आहे."

"माझी हरकत..." मास्तर थांबले. "माझी हरकत आहे, पण तुमचं म्हणणं असेल तर..."

"पण नाही! पण कुठून आला? मी बिल्डर आहे समजा. मी तुमचा रस्ता घेते. काय म्हणाल?"

"तू घेत असशील तर काय, घे."

"अरे देवा!" तिनं लसणाची ताटली बाजूला सरकवली. "बाहेरच्या जगाला सगळी मोकळीक. भाजीत मीठ कमी पडलं, की तेवढी हरकत बरोब्बर येते तोंडात. तसं म्हणा की. समजा सुनावणीच्या अध्यक्षांनी आळणी भाजी केलीय."

या युक्तीचा उपयोग झाला. दोन-तीन दिवस मास्तर जेवायला बसले की आधी ताटाकडं बघून "माझी हरकत आहे!" असं म्हणायचे, आणि मग जेवायचे. बायको मुद्दाम मीठ विसरायची. आवाज हळूहळू वर आला. गाडीतसुद्धा ते पुटपुटायचे. पेन्शनर म्हातारा घाबरून ब्रेकच सोडेना, त्याला वाटलं, आपल्यालाच बोलतायत.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. ती उशिरा सुरू झाली, कारण वाहतुकीवर विचार करायला निघालेले सदस्य वाहतुकीत अडकले होते. एकेक जण घाम पुसत आला, आणि येऊन रस्त्याला शिव्या देऊन बसला. मग वसाहतीच्या वाहतुकीवर चर्चा सुरू झाली.

एक सदस्य म्हणाला, गतिरोधक टाका. दुसरा म्हणाला, गतिरोधकानं पाठीचे मणके जातात, त्यापेक्षा एकेरी वाहतूक करा. रस्ता पुढं बंद आहे, हे कुणीतरी सांगितलं. मग जाणाऱ्यांसाठीच एकेरी करा, येण्याचं नंतर बघू, असा तोडगा निघाला. तिसऱ्याचं म्हणणं, रस्त्याच्या मधोमध एक कारंजं हवं. कारंज्यानं वाहतूक कशी सुटेल, असं विचारल्यावर तो दुखावला. सुटायचं राहू द्या, म्हणाला, अडकलेल्या माणसाला बघायला तरी काही नको का?

बिल्डर शेवटच्या रांगेत बसून मोबाइलवर फोटो बघत होता. त्याला घाई नव्हती.

मग छत्रीवाल्या तरुणाचा साहेब उठला. इंजिनिअर. त्यानं वाहतुकीचा अहवाल वाचायला घेतला.

"सदर रस्त्यावरील वाहतूक अत्यंत संथ, शिस्तबद्ध व सौजन्यपूर्ण असल्याचे आढळून आले. वाहने सर्वस्वी पांढऱ्या रंगाची आहेत. चालक वळण्यापूर्वी बराच काळ इशारा देतात. काही चालक न वळताही इशारा देतात. चालकांमध्ये महिला व ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण लक्षणीय आहे. क्वचित एखादे वाहन रस्त्याच्या मध्यभागी थांबून विचार करताना आढळले. वाहनांमधून पादचाऱ्यांना हात हलवून अभिवादन करण्याची प्रथा दिसून येते. सबब, एवढी वाहने विनातक्रार सामावून घेणारा हा रस्ता वाढीव भार सोसण्यास सक्षम आहे."

"वा!" एक सदस्य म्हणाला. "असली माणसं आमच्या वॉर्डात का नाहीत?"

मागच्या बाकावर मास्तर ताठ बसले. ही तर आपली गाडी! एकच गाडी, दिवसभर जा-ये करणारी, आणि यांनी तिचा ताफा केलाय. शेजारी बसलेल्या मोठ्या बाईंनी कोपर मारलं. "उठा, मास्तर. हीच वेळ आहे."

"नागरिकांपैकी कुणाची हरकत?" अध्यक्षांनी घड्याळाकडं बघत विचारलं.

मास्तर उठले. मनात आळणी भाजी आणली. छाती भरून घेतली. शिपाई माइक घेऊन लगबगीनं आला, माइकची वायर बाकाच्या पायात अडकली, तिनं शिपायाला ओढलं, आणि शिपायाचा जाडजूड बूट मास्तरांच्या अंगठ्यावर सगळ्या वजनानिशी पडला. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"सॉरी, सॉरी मास्तर! लागलं का?"

"काही हरकत नाही," मास्तर म्हणाले.

माइक चालू होता. सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांनी ते वाक्य खणखणीत आवाजात सगळ्यांना ऐकवलं. एवढा मोठा आवाज मास्तरांनी जन्मात काढला नव्हता.

"उत्तम!" अध्यक्ष म्हणाले. "नागरिकांची हरकत नाही. घ्या नोंद."

कारकुनानं नोंद घेतली. एरवी एका वाक्याला अर्धा तास लावणारा माणूस, त्यानं विजेसारखी घेतली.

"नाही, नाही!" मास्तर ओरडले. "हरकत नाही म्हणजे... ती बुटाला हरकत नाही! रस्त्याला आहे!"

"बुटाचा विषय आज पटलावर नाही," अध्यक्ष म्हणाले.

सभागृह हसलं. मास्तरांचे कान लाल झाले, पण गडी या वेळी बसला नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. म्हणाले, "साहेब, अहवालात आहे ती वाहतूक नाहीच. ती माझी एकट्याची गाडी आहे. शिकाऊ. तीच जाते, तीच येते. त्या रस्त्यावर दुसरी गाडीच नसते हो!"

मोठ्या बाईंनी विजयानं मान वर केली. इंजिनिअर मात्र हळूच हसला.

"म्हणजे रस्ता रिकामा आहे, असं म्हणता?"

"अगदी रिकामा!"

"मग अध्यक्ष महोदय, प्रश्नच मिटला. मी म्हणत होतो गर्दी असूनही भार सोसेल. हे गृहस्थ सांगतात, गर्दीच नाही. यांच्यासारखा जाणकार माणूस म्हणतोय. मग भीती कसली?"

गाड्या पुष्कळ असल्या तरी वसाहत होणार, आणि एकही नसली तरी होणार. या रस्त्याला मागं घ्यायचा गिअरच नव्हता.

बाई उभ्या राहिल्या. "ते काही असो! हरकत आहे, असं लिहा. आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा!" शाळेतला आवाज होता तो. दोघा-तिघा सदस्यांनी नकळत हाताची घडी घातली. अध्यक्षही जरा दचकले. कायद्याप्रमाणं एकही हरकत नोंदली गेली, तर पुढची सुनावणी घ्यावी लागणार होती, जागेची पाहणी करावी लागणार होती. सगळं काही महिने लांबणार होतं. कोण जाणे, तेवढ्यात बिल्डरचा विचारही बदलला असता.

"बोलणाऱ्यानं सांगितलं तर बदलू," अध्यक्ष म्हणाले. "काय हो, खोडायचं का?"

कारकुनानं मान वर केली. मास्तरांनी त्याला ओळखलं. त्यांचाच विद्यार्थी. परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणारा, आणि प्रत्येक वेळी गाडीतून उतरून गटाराच्या कडेला रडायला बसणारा. तेच डोळे.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "खाडाखोड चालत नाही हो. वरच्या नोंदींवर सह्या झाल्यात. पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहायला लागेल, वर मला मेमो मिळेल..."

सगळं सभागृह मास्तरांकडं बघत होतं. अंगठा ठणकत होता. घर, धंदा, गंजकं फाटक, भिंतीवर चढणारी कुत्री, सगळं त्यांच्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबलं होतं. आणि समोर तो चेहरा, आत्ता रडेल की मग रडेल असा.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "काही हरकत नाही."

पहिल्या वेळी बुटानं म्हणवलं होतं. दुसऱ्या वेळी कुणीही पाय दिलेला नव्हता. अशा माणसाला जग भला माणूस म्हणतं. त्याच्यासारख्या भल्या माणसाच्या जिवावर जगाचे बरेच धंदे बिनबोभाट चालतात, म्हणून म्हणत असावं. सभा संपली, चहा आला. बिल्डरनं स्वतः उठून मास्तरांच्या हातात कप दिला.

गल्लीत मास्तरांची छीथू झाली. वाणी म्हणाला, गळा कापला आमचा, आणि दुसऱ्याच दिवशी दुकानाचं तोंड वसाहतीच्या रस्त्याच्या बाजूला फोडायला गवंडी बोलावला. इस्त्रीवाला म्हणाला, या माणसाचं तोंड बघू नये, आणि नव्या मोठ्या टेबलाची चौकशी करून आला. घरमालकानं तर कुणाचाही खून न करता भाडं वाढवलं, आता भाव येणार या भागाला म्हणून. मोठ्या बाई मात्र मनापासून चिडल्या. मास्तर दिसले की त्या तोंड फिरवायच्या, आणि मास्तर त्यांच्या पाठीला वाकून नमस्कार करायचे.

बायकोनं एकदाच विचारलं, "त्या कारकुनाला मेमो मिळाला असता, तर काय झालं असतं?"

"रडला असता."

"आणि आता मी रडू का?"

जे तोंडाशी आलं होतं, ते मास्तरांनी मोठ्या कष्टानं गिळलं. तेवढं शहाणपण आलं होतं. ती उठून भाजी ढवळायला गेली.

ट्रक आले. आधी पाडणारे, मग वाळूचे, मग सिमेंटचे. कुत्र्यांनी गाव सोडलं. पेन्शनर म्हाताऱ्यानं पहिला हॉर्न ऐकला आणि गाडीतून उतरून तो सरळ घरी चालत गेला. नर्सताई चार दिवस आल्या, पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मास्तर, माझाच रक्तदाब मोजायची वेळ आलीय," आणि पुन्हा रिक्षानं फिरायला लागल्या. मास्तरांनी शहरभर दुसरा रस्ता शोधला. स्मशानाकडचा एक मोकळा होता, पण तिकडं शिकायला कुणी तयार होईना. घाबरट लोक होते, पण घाबरायला जागा उरली नव्हती.

उरला एक शिंपी. कानानं अधू. गाडीत बसताना तो कानातलं यंत्र काढून खिशात टाकायचा, म्हणून त्याला ट्रकचं काही वाटत नव्हतं. अख्खं जग मागं बोंबलत असलं तरी हा गडी काजं-बटणं करावीत तसा शांतपणे गिअर टाकायचा. मास्तरांना मात्र शिकवायला हातच वापरावे लागायचे. मांडीवर थाप म्हणजे क्लच, खांद्यावर थाप म्हणजे ब्रेक.

आजही दोघं बाभळीपाशी अडकले होते. पुढं वाळूचा ट्रक, मागं सळयांचा. मागचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकून मास्तरांच्या सगळ्या खानदानाची चौकशी करत होता. मास्तरांनी शिंप्याच्या खिशाकडं बोट केलं. यंत्र घाल, म्हणून खूण केली.

"कशाला?" शिंपी मोठ्यानं म्हणाला. "काही महत्त्वाचं बोलतोय का तो?"

मास्तरांनी मागं वळून बघितलं. थोडा विचार केला. 'नाही' म्हणून मान हलवली.

पुढचा ट्रक जरासा सरकला. मास्तरांनी शिंप्याच्या मांडीवर थाप मारली, आणि आपला पैलवानी पाय ब्रेकवर तयार ठेवला.